मिठाचा खडा आणि पाचवा अध्याय



दशलक्षण पर्वात आपण तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दहा दिवसांत वाचतो, रोज एक. म्हणून पाचव्या दिवशी पाचवा अध्याय येतो. पहिले चार दिवस ज्ञान, जीव, नरक, देवगती हे सगळं बायका मन लावून ऐकतात. पाचव्या दिवशी अजीव तत्त्व निघालं की दुपारच्या स्वाध्यायात निम्म्या जणी पेंगायला लागतात. त्यांचा तरी काय दोष? कुणाचा उपवास, कुणाचं एकाशन, आणि समोर धर्म, अधर्म, आकाश, पुद्गल.

म्हणून गेली काही वर्षं मी एक युक्ती करत होते. परमाणूंचा बंध स्निग्ध आणि रूक्ष या गुणांमुळे होतो, हे सूत्र आलं की फळ्यावर 'स्निग्ध'खाली अधिकची खूण काढायची, 'रूक्ष'खाली उण्याची, आणि म्हणायचं, "बघा, सोडियम आणि क्लोरीनचं मीठ कसं होतं हे विज्ञानाला शंभर वर्षांपूर्वी समजलं. आपल्या उमास्वामी आचार्यांनी ते दीड हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय." पेंगणाऱ्या ताठ बसायच्या. मला बरं वाटायचं.

गेल्या वर्षी एक अकरावी सायन्सची मुलगी आजीचा हात धरून आली होती. स्वाध्याय संपल्यावर पुस्तक उघडून तिनं विचारलं, "काकू, पुढच्या सूत्रांत स्निग्धाचा स्निग्धाशीही बंध होतो असं दिलंय. दोन प्लस तर एकमेकांना ढकलतात. मग हा आयनिक बंध कसा?" मी म्हटलं, "ते सूक्ष्म आहे, नंतर बोलू." आमच्या मंदिरात पाचवा दिवस उत्तम सत्याचा असतो.

ते 'नंतर' वर्षभर राहिलं. बीएस्सीला शिकलेलं रसायनशास्त्र वीस वर्षांत धूळ खात पडलं होतं, ते झटकून पुन्हा वाचलं. सर्वार्थसिद्धीही शब्दाशब्दानं वाचली. आता त्या मुलीला आणि तुम्हालाही सांगते.

आधी आपल्या आचार्यांनी काय सांगितलंय ते नीट पाहू. उमास्वामींचा काळ विद्वान दुसऱ्या ते पाचव्या शतकाच्या दरम्यान कुठंतरी ठेवतात. त्यांच्या सूत्रांवर पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धी ही टीका लिहिली. ती वाचताना मला वाटलं, हे आचार्य एखाद्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून लिहितायत. स्निग्धपणा कमीजास्त असतो हे सांगायला ते पाण्यापासून सुरुवात करतात, मग शेळीचं दूध, गाईचं, म्हशीचं, उंटिणीचं, आणि तूप. रूक्षपणा सांगायला धूळ, कणी, खडे. असाच कमीजास्तपणा परमाणूतही असतो, आणि त्याच्या मोजता येणाऱ्या मात्रा असतात, एकापासून अनंतापर्यंत.

मग नियम येतात. ज्याच्यात स्निग्धपणाची किंवा रूक्षपणाची एकच, म्हणजे सगळ्यांत कमी, मात्रा आहे त्याचा बंध होत नाही. दोघांच्या मात्रा सारख्या असतील तरी होत नाही. एकात दुसऱ्यापेक्षा दोन मात्रा जास्त असतील तेव्हा होतो. आपल्या दिगंबर परंपरेत हा दोनचा फरक सारख्यांनाही लागू आणि वेगळ्यांनाही. श्वेतांबर परंपरेत ही सूत्रं थोडी वेगळी लावतात. तिथं वेगळ्या जातीच्या परमाणूंना ही अट नाही. आणि बंध झाला की जास्त मात्रेचा कमी मात्रेच्याला आपल्यासारखं करून घेतो. याला पूज्यपादांचा दृष्टांत ओल्या गुळाचा आहे. गूळ पाझरायला लागला की त्यावर पडलेली धूळसुद्धा गोड होऊन जाते.

हे सगळं सांगण्यामागचं कारणही लक्षात ठेवायला हवं. आचार्यांना अखेर कर्माच्या बंधाकडे यायचं असतं. समयसारात कुंदकुंद आचार्यांनी अंगाला तेल चोपडून धुळीच्या जागेत व्यायाम करणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. धूळ चिकटते ती हालचालीमुळे नाही, तेलामुळे. तेल म्हणजे राग. बांधलेलं सुटावं कसं हे ज्याला शोधायचं आहे, तो आधी विचारणारच की बांधलं जातं कशानं.

आता मिठाकडे. रविवारी आपण जो रस सोडतो तोच हा.

मिठाचे दोन घटक आहेत, सोडियम आणि क्लोरीन. सोडियम चाकूनं कापता येईल इतका मऊ धातू. पाण्यात टाकला तर तडतडून पेटतो. क्लोरीन हिरवट पिवळा वायू, श्वासात गेला तर फुप्फुसं जाळतो. क्लोरीन 1774 मध्ये स्वीडनच्या शीले यांनी वेगळा काढला, पण ते मूलद्रव्य आहे हे लंडनच्या हम्फ्री डेव्हींनी 1810 मध्ये ठामपणे मांडलं. सोडियमही डेव्हींनीच मिळवला, 1807 मध्ये. सात वर्षांपूर्वी इटलीच्या व्होल्टा यांनी बॅटरी तयार केली होती. डेव्हींनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडली आणि उण्या टोकापाशी धातूचे थेंब जमले. त्याच्या काही दिवस आधी याच रीतीनं पोटॅशियम मिळालं होतं. म्हणजे ज्यानं हे घट्ट जोडलेलं सुटतं ती वीज आहे. मग ज्यानं ते जोडलेलं आहे तेही विजेच्याच जातीचं असणार, हा तर्क लगेच पुढे आला.

डेव्हींची व्याख्यानं ऐकायला बायकाही जात. त्यांत जेन मार्सेट नावाची एक गृहिणी होती, लंडनमधल्या स्विस व्यापाऱ्याची मुलगी, डॉक्टरची बायको. व्याख्यान ऐकताना भारावून जायचं आणि घरी आल्यावर काहीच नीट आठवायचं नाही, असं तिचं होत असे. (ओळखीचं वाटतं ना?) मग ती जाणकारांशी बोलून समजून घ्यायची. त्यातून तिनं पुस्तकच लिहिलं, 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री'. मिसेस बी. नावाची बाई एमिली आणि कॅरोलिन या दोन मुलींना प्रश्नोत्तरांतून रसायनशास्त्र शिकवते, असं ते आहे. 1806 साल छापलेल्या पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचं नाव नव्हतं, ते यायला पंचवीसेक वर्षं गेली. अमेरिकेत मुलींच्या शाळांतून ते पुस्तक चाललं.

ते एका पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानातही पोचलं. तिथं मायकेल फॅरेडे नावाचा लोहाराचा मुलगा उमेदवारी करत होता. शाळा जेमतेम. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. मिसेस मार्सेटचं पुस्तक वाचून त्यातले परवडतील ते प्रयोग त्यानं स्वतः करून पाहिले. ते खरे निघाले तेव्हा या विषयावर त्याचा विश्वास बसला. पुढे तो डेव्हींचा मदतनीस झाला आणि मग स्वतःच मोठा शास्त्रज्ञ. आपले निबंध तो जेन मार्सेटला पाठवत असे, पहिल्या शिक्षिकेला पाठवावेत तसे. पाठशाळेत शिकवणाऱ्या आपल्या बायकांनी हे नाव लक्षात ठेवावं म्हणून इथं जरा रेंगाळले.

फॅरेडेंनी 1833-34 मध्ये मोजून दाखवलं की द्रावणातून जितकी वीज जाते त्याच प्रमाणात पदार्थ दोन टोकांना जमा होतो. पाण्यातून या टोकाकडून त्या टोकाकडे जे चालत जातं त्याला नाव हवं होतं. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून 'आयन' हा ग्रीक शब्द ठरला. अर्थ, जाणारा. मला तर विहार करणारा असंच म्हणावंसं वाटतं.

त्याच काळात स्वीडनमध्ये बर्झेलियस नावाचे फार मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं, प्रत्येक अणूत अधिक आणि उणे अशी दोन्ही टोकं असतात, एकाचा जोर जास्त. ज्यांच्यात अधिकाचा जोर ते, ज्यांच्यात उण्याचा जोर त्यांना जाऊन चिकटतात. जोर कमीजास्त असतो म्हणून त्यांनी मूलद्रव्यांची उतरंड लावली. हे वाचताना मला पुन्हा आपली सूत्रं आठवली. पण बर्झेलियस ज्या खड्ड्यात पडले तो बघा. या हिशेबानं दोन सारखे अणू एकमेकांना धरूच शकत नाहीत. हायड्रोजनचे दोन अणू जोडीनं राहतात, हे या मताच्या लोकांना पटेना, आणि त्या पायी रसायनशास्त्राची बरीच वर्षं गोंधळात गेली. आमच्या त्या मुलीचा प्रश्न, फक्त उलट बाजूनं.

पुढचा माणूसही स्वीडनचाच. स्वांते अर्हेनियस. 1884 मध्ये पंचविशीत त्यानं उप्साला विद्यापीठाला प्रबंध दिला, आणि त्यातूनच पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचा सिद्धांत आकाराला आला. मीठ पाण्यात टाकलं की त्याचे भाग आपोआप सुटे होतात, वीज सोडायच्या आधीच. परीक्षकांनी प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. मोठमोठ्यांचाही या मताला आक्षेप साधा होता, कुणाही गृहिणीला सुचेल असा. सोडियम पाण्यात पेटतो, मग मिठाच्या पाण्यात सुटा सोडियम असेल तर आमटी पेटत का नाही? क्लोरीन विषारी, मग ताक पिऊन घशाला आग का लागत नाही?

उत्तर असं की तो सोडियम सोडियम राहिलेलाच नसतो. अणू आणि आयन यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. याच प्रबंधाच्या पायावरच्या कामासाठी अर्हेनियसला 1903 चं नोबेल मिळालं.

पण फरक नेमका कशाचा? ते कळायला इलेक्ट्रॉन सापडावा लागला, तो जे. जे. थॉमसन यांना 1897 मध्ये सापडला. आणि त्याच दशकात आर्गॉन, निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन हे वायू मिळाले, जे कुणाशी सहसा बंधच करत नाहीत. वीतरागी म्हणायचा मोह होतो, पण तोही आवरते. जर्मनीच्या रिखार्ड आबेग यांनी 1904 मध्ये दाखवलं की मूलद्रव्य जास्तीत जास्त किती घेऊ शकतं आणि किती देऊ शकतं याची बेरीज आठ येते. तो आठचा आकडा घेऊन 1916 मध्ये वाल्थर कोसेल यांनी चित्र पुरं केलं. सोडियमपाशी 11 इलेक्ट्रॉन आहेत, निऑनपाशी 10. क्लोरीनपाशी 17, आर्गॉनपाशी 18. सोडियमचा एक गेला की त्याची मांडणी निऑनसारखी होते, क्लोरीनला एक मिळाला की आर्गॉनसारखी. एक गेला म्हणून सोडियमवर अधिक भार, एक आला म्हणून क्लोरीनवर उणा. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. तोच आयनिक बंध.

इथं माझी दुसरी चूक कबूल करते. पाठशाळेत मी मुलांना सांगायचे, "सोडियम एक इलेक्ट्रॉन आनंदानं दान देतो, क्लोरीन घेतो, दोघं सुखी." आहारदानाशी जोडायला सोपं जायचं. हे खरं नाही. सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यावा लागतो आणि त्याला ऊर्जा मोजावी लागते, साधारण 58 ग्रॅम मिठाच्या हिशेबानं 496 किलोज्यूल. क्लोरीनला इलेक्ट्रॉन मिळाल्यावर सुटतात 349. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात 147 चा तोटा. एवढ्यावर कुणी व्यवहार करणार नाही. तोटा भरून निघतो तो नंतर, जेव्हा असे असंख्य अधिक आणि उणे जवळ येऊन रचले जातात. त्या रचनेत 787 किलोज्यूल सुटतात. मीठ बनतं ते दानामुळे नाही, दानानंतरच्या सहवासामुळे. हा जमाखर्च 1919 मध्ये जर्मनीत मॅक्स बोर्न आणि फ्रिट्झ हाबर यांनी मांडला.

हाबर हे नाव आलं की मला पुढे सरकता येत नाही. त्यांची बायको क्लारा इमरवार हीही रसायनशास्त्रज्ञ होती. 1900 मध्ये ब्रेस्लाउ विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली तिथली पहिली स्त्री. तिचे मार्गदर्शक वर सांगितलेले आठच्या नियमाचे आबेग. तिचा विषय धातूंचे क्षार पाण्यात किती विरघळतात, म्हणजे आपल्याच गोष्टीतला. लग्नानंतर तिचं संशोधन थांबलं. महायुद्धात हाबरांनी जर्मन सैन्यासाठी क्लोरीनचा विषारी वायू म्हणून वापर उभा केला. 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ सिलिंडर उघडून तो वाऱ्यावर सोडला गेला. मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेला क्लारानं आपलं आयुष्य संपवलं. या कामाला तिचा विरोध होता असं सांगितलं जातं. तिच्या मनातल्या कारणांविषयी लिहिणाऱ्यांत एकमत नाही, आणि मी त्यात भर घालणार नाही. पण मिठाच्या बरणीत जो निमूट पडून असतो, त्याच क्लोरीनचा एक इलेक्ट्रॉन कमी असला की तो काय असतो, हे त्या वसंतात जगानं पाहिलं. आयन आणि अणू यांच्यातला फरक मला यापेक्षा वेगळा सांगता येत नाही.

त्याच 1915 साली नोबेल मिळालं ते मिठाच्या आत पाहणाऱ्यांना. विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स ब्रॅग. लॉरेन्स पंचवीस वर्षांचा होता आणि फ्रान्समध्ये आघाडीवर होता. त्याचा भाऊ त्याच वर्षी गॅलिपोलीत मारला गेला. या बापलेकांनी स्फटिकांवर क्ष-किरण सोडून ते कसे परावर्तित होतात यावरून आतली रचना काढायची रीत बसवली, आणि 1913 मध्ये लॉरेन्सनं खडेमिठाची रचना सांगितली. प्रत्येक सोडियमच्या भोवती सहा क्लोरीन, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे. प्रत्येक क्लोरीनभोवती तसेच सहा सोडियम. कुणाची कुणाशी जोडी नाही. आपण फळ्यावर एक सोडियम आणि एक क्लोरीन हातात हात घालून काढतो, तसं स्फटिकात काही नसतं. सगळी चाळच एकमेकांना धरून उभी.

हे पचवणं रसायनशास्त्रज्ञांनाही जड गेलं. शिकवताना एक सोडियम, एक क्लोरीन असा मिठाचा रेणू सांगायची सवय होती, आणि आता म्हणे रेणू नाहीच. हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या वृद्ध इंग्लिश प्राध्यापकांनी 1927 मध्ये 'नेचर' नियतकालिकात याविरुद्ध रागाचं पत्र लिहिलं. मिठाला बुद्धिबळाच्या पटासारखं दाखवणं त्यांना अडाणीपणाचं वाटत होतं. पत्राला मथळा होता मिठाची कीव करणारा. पत्र वाचून हसू येतं, पण मी तरी काय केलं होतं? फळ्यावरची सवय सोडवत नव्हती.

स्वयंपाकघरात याचे पुरावे रोज असतात. साखर कढईत टाकली तर वितळून पाक होतो. मीठ कितीही भाजा, वितळत नाही, म्हणून तर गरम मिठात फुटाणे भाजता येतात. ते वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात, कारण एखादी जोडी सोडवून भागत नाही, सगळी चाळ हलवावी लागते. आणि महाराजांच्या आहाराच्या चौक्यासाठी सैंधवाचा खडा खलबत्त्यात फोडताना पाहा. तो लाखेसारखा वेडावाकडा फुटत नाही, सपाट बाजूंचे चौकोनी तुकडे पडतात. घाव बसून एक थर किंचित सरकला की अधिकासमोर अधिक येतो आणि उण्यासमोर उणे. सारखे एकमेकांना ढकलतात आणि खडा दुभंगतो. मुलीचा प्रश्न खलबत्त्यातच होता. मी तो इतकी वर्षं फोडत होते.

तर मग तिला उत्तर काय? उत्तर असं, की बाळ, तुझं बरोबर होतं. स्निग्ध म्हणजे अधिक भार आणि रूक्ष म्हणजे उणा भार, हे माझं समीकरण सूत्रांवर बाहेरून चिकटवलेलं होतं. सूत्रांत सारख्यांचाही बंध होतो, आयनांत होत नाही. सूत्रांत जास्त मात्रेचा कमी मात्रेच्याला आपल्यासारखं करतो, गूळ धुळीला करतो तसा. मिठात सोडियम क्लोरीनला सोडियम करत नाही, दोघंही आपला स्वभाव सोडतात आणि मीठ वितळवून, वीज सोडून, हवं तर पुन्हा वेगळे काढता येतात. दोन मात्रांच्या फरकाचा नियम इलेक्ट्रॉनच्या देण्याघेण्यात कुठं बसत नाही. सोडियम एक देतो, मॅग्नेशियम दोन. आणि मुळात शब्दाचाच घोटाळा आहे. आपला परमाणू म्हणजे ज्याचा पुढे भागच होत नाही तो. रसायनशास्त्राचा अणू आतून केंद्रक आणि इलेक्ट्रॉन असा बनलेला, म्हणजे आपल्या भाषेत तो आधीच स्कंध झाला.

हे समीकरण माझ्या डोक्यात आलं कुठून, तेही शोधलं. मोबाईलवर फिरणारे मजकूर तर आहेतच, पण त्यामागे जुनं एक पुस्तक आहे. बंगालचे तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांनी 1915 मध्ये प्राचीन हिंदूंच्या भौतिक शास्त्रांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी उमास्वामींच्या बंधविचाराची दखल घेतली आणि गुळगुळीत व खरखरीत पृष्ठभाग घासल्यावर विजेचा भार येतो त्या निरीक्षणातून हा विचार आला असावा अशी शक्यता मांडली. पूज्यपादांनीही आपोआप होणाऱ्या बंधाची उदाहरणं देताना वीज, उल्का, ढग, इंद्रधनुष्य यांची नावं घेतली आहेत, त्यामुळे सीलांचं अनुमान अगदीच हवेतलं नाही. पण त्यांनी सोबत हेही म्हटलं होतं की हा विचार कच्चा आहे, आणि तरी सूचक आहे. पुढे सांगणाऱ्यांनी 'सूचक' ठेवलं आणि 'कच्चा' गाळलं. मीही गाळलेलंच ऐकलं आणि पुढे वाढलं.

अभिमान वाटावा असं काही उरतच नाही का, असं एक मैत्रीण म्हणाली. उरतं की. ग्रीकांचे अणुवादी सांगत की अणूंना आकडे आणि खाचा असतात, ते एकमेकांत अडकतात. वैशेषिकांच्या परंपरेत अणूंना हलवायला पुढे अदृष्ट आणि ईश्वराची इच्छा आली. आपल्या आचार्यांनी आकडेही घेतले नाहीत आणि ईश्वरही. बंधाचं कारण त्या द्रव्याच्याच गुणात आहे, तो गुण कमीजास्त मात्रेत असतो, आणि किती मात्रेला बंध होईल याचा नियम आहे, असं त्यांनी म्हटलं. उत्तर मिठाचं नव्हतं. मिठाचं उत्तर मिळायला बॅटरी लागली, फॅरेडेचं तोलणंमापणं लागलं, ब्रॅगांचे क्ष-किरण लागले. ते कष्ट ज्यांचे त्यांच्याच नावावर राहू देत.

या भाद्रपदात ती मुलगी बारावीत असेल. तिला हा लेख आधीच पाठवला. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं: "थँक्यू काकू. पण मग हायड्रोजनचे दोन सारखे अणू एकमेकांना धरतात ते कसं? बर्झेलियसचं काय चुकलं?" त्याचं उत्तर अमेरिकेच्या गिल्बर्ट लुईस यांनी दिलं, कोसेल यांच्याच 1916 सालात: काही अणू इलेक्ट्रॉन देत-घेत नाहीत, सामाईक ठेवतात. पण ती गोष्ट पुढच्या वेळी. आज रविवार आहे, बिनमिठाचं वरण चुलीवर आहे, आणि सासूबाईंनी दोनदा हाक मारली आहे.